काटकसर कोणाच्या ताटातून?

व्यापाऱ्याच्या घरातील ओढाताण जगाला सर्वांत शेवटी कळते. दुकानाची पाटी तीच असते, दिवाळीचे वहीपूजन त्याच थाटात होते, लग्नकार्यातील आहेराचा आकडाही सहसा उतरत नाही. उतरते ती घरातील डाळीची वाटी. दोन लिटर दुधाच्या जागी एक लिटर येऊ लागते, वरण थोडे अधिक पातळ होते, फळे पाहुण्यांपुरती उरतात. सर्वांचे जेवण झाल्यावर पान मांडणाऱ्या सुनेच्या वाट्याला पोळी, लोणचे आणि पातेल्याच्या तळाशी राहिलेले वरण येते. या कपातीची नोंद कोणत्याही रोजमेळात होत नाही, त्यामुळे तिची किंमत किती पडली हेही कोणी मांडून पाहत नाही.

जालना जिल्ह्यातील व्यापारी कुटुंबांना हे चित्र अपरिचित नाही. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या शहराने मिरवली, त्या शहराची भरभराट मोंढ्यातील आडत, कापूस, लोखंड आणि बियाणे यांवर उभी आहे. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि जालन्याचे नाव देशभरातील शेतकऱ्यांपर्यंत पोहोचले. परंतु या बाजारपेठेचा पाया अखेर पावसावरच आहे. 1972 च्या दुष्काळाच्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात अजून येतात. 2012-13 मध्ये जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या, तेव्हा शेतकऱ्याबरोबर त्याला उधारी देणारा दुकानदारही अडचणीत आला. शेतकऱ्याच्या हाती पैसा नसला की कापड, भांडी, किराणा यांची विक्री थंडावते आणि जुनी वसुली थकते. मोठी पेढी असे वर्ष पचवते. अंबड, परतूर, मंठा, भोकरदन येथील लहान दुकानदाराला ते वर्ष घरखर्चातूनच भरून काढावे लागते.

काटकसर करावी लागणे यात कमीपणा काहीच नाही. व्यापारी समाजाची ती जुनी विद्या आहे. प्रश्न एवढाच आहे की ती कोणत्या खात्यात केली जाते.

खर्च कोठे वाहून जातो?

एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये एक निष्कर्ष मांडला. कुटुंबाचे उत्पन्न जसे वाढते तसा एकूण खर्चातील अन्नाचा हिस्सा घटत जातो. भारताच्या आकडेवारीतही हेच दिसते. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे 47 टक्के, तर शहरी कुटुंबाच्या खर्चात सुमारे 40 टक्के आहे. मात्र याच पाहणीतील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. अन्नावरील खर्चात सर्वांत मोठा हिस्सा दुधाचा, धान्याचा किंवा भाजीचा नाही. तो पेये, तयार फराळ आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा आहे. शहरी कुटुंबांत या एका शीर्षकाखाली एकूण खर्चाच्या सुमारे 11 टक्के रक्कम जाते. दुधावर जाते त्यापेक्षा ही रक्कम पुष्कळ जास्त आहे, आणि डाळींच्या वाट्याला तर 2 टक्केही येत नाहीत.

व्यापारी कुटुंबात हा प्रवाह आणखी एका कारणाने झाकला जातो. दुकानावर येणारा चहा, कचोरी, समोसा, सायंकाळचा फरसाणाचा पुडा हे सारे ‘दुकानखर्च’ म्हणून लिहिले जाते किंवा लिहिलेच जात नाही. गल्ल्यातून दहा-वीस रुपये काढणे ही सवय आहे आणि सवयीची पावती फाटत नाही. हिशेबशास्त्राचा पहिला धडा असा की व्यवसाय आणि मालक हे दोन भिन्न घटक आहेत. मालकाने व्यवसायातून घेतलेला प्रत्येक रुपया त्याच्या उचल खात्यात पडला पाहिजे. जुन्या पेढ्यांवर ‘घरखर्च खाते’ वेगळे असे ते याचसाठी. तीन महिने एवढेच करावे: घरात आणि दुकानात खाण्यापिण्यावर झालेला सर्व खर्च एकाच वहीत चार रकान्यांत लिहावा. धान्य व डाळी हा पहिला रकाना, दूध, भाजी व फळे हा दुसरा, तेल, तूप व साखर हा तिसरा, आणि तयार खाद्यपदार्थ हा चौथा. तिमाहीच्या शेवटी चौथ्या रकान्याची बेरीज पाहिली की पुढची चर्चा आपोआप सुरू होते.

दहा ग्रॅम प्रथिनांचा भाव

पोषणाच्या बाबतीत शाकाहारी कुटुंबाची पहिली उणीव प्रथिनांची असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला शरीराच्या दर किलो वजनामागे दररोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. 55 किलो वजनाच्या स्त्रीसाठी हा आकडा सुमारे 46 ग्रॅम होतो. आता नेहमीच्या ताटाचा हिशेब करावा. दिवसभरात 180 ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून सुमारे 21 ग्रॅम, 60 ग्रॅम तांदळातून 4 ग्रॅम, पातळ वरणातील 25 ग्रॅम डाळीतून साडेपाच ग्रॅम आणि चहातील 100 मिलिलिटर दुधातून 3 ग्रॅम प्रथिने मिळतात. बेरीज 34 ग्रॅमच्या आसपास थांबते. म्हणजे रोज 12 ग्रॅमांची तूट. एका दिवसाची तूट शरीर सहन करते, पण वर्षानुवर्षे चाललेली तूट थकवा, केस गळणे, जखम उशिरा भरणे अशा रूपाने मुद्दलात शिरते.

ही तूट स्वस्तात स्वस्त कशातून भरून निघेल? भाव रोज बदलतात, म्हणून येथे फक्त उदाहरणापुरते भाव घेतले आहेत. वाचकांनी आपल्या गावातील त्या दिवसाचा भाव घालून गणित पुन्हा करावे. हरभरा डाळ 90 रुपये किलो धरली, तर 10 ग्रॅम प्रथिने सव्वाचार रुपयांत मिळतात. मूगडाळ 120 रुपये किलो असेल तर पाच रुपयांत, शेंगदाणे 140 रुपये किलो असतील तर साडेपाच रुपयांच्या आसपास. दूध 60 रुपये लिटर धरल्यास त्याच 10 ग्रॅमना सुमारे 19 रुपये पडतात, पनीर 400 रुपये किलो धरल्यास 22 रुपये आणि बदाम 900 रुपये किलो धरल्यास जवळजवळ 45 रुपये. बदाम वाईट नाहीत आणि दुधाचे महत्त्व तर वेगळेच आहे. परंतु ‘पौष्टिक म्हणजे महाग’ ही समजूत या एका हिशेबापुढे टिकत नाही.

आता वरील तुटीकडे परत येऊ. 40 ग्रॅम डाळ आणि 15 ग्रॅम शेंगदाणे रोज वाढवले की ती 12 ग्रॅमांची तूट भरून निघते. खर्च येतो दिवसाला साडेसहा रुपये, महिन्याला दोनशे रुपयांच्या आत. ज्या घरात फरसाणाचा एक किलोचा पुडा अडीचशे-तीनशे रुपयांना येतो, त्या घरात एका व्यक्तीची प्रथिनांची महिन्याची तूट भरायला त्याहूनही कमी रक्कम लागते.

पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शिकेत 2000 कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 300 मिलिलिटर दूध आणि 35 ग्रॅम शेंगदाणे-तिळासारख्या तेलबिया व सुकामेवा असे प्रमाण दिले आहे. स्वयंपाकघरासाठी सोपा नियम एवढाच: तीन वाट्या धान्यास एक वाटी डाळ. पाच मोठ्या माणसांच्या घरात महिन्याला बारा-तेरा किलो डाळी-कडधान्ये संपली पाहिजेत, मुले लहान असतील तर दहा किलो. वाण्याच्या यादीत हा आकडा चार-पाच किलोवर अडकला असेल तर ताटात काय कमी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. धान्यातील प्रथिनांत जे अंश कमी असतात ते डाळीत असतात आणि डाळीत कमी असलेले धान्यात. म्हणून वरण-भात, खिचडी, डाळ-बाटी या जोड्या केवळ चवीच्या नाहीत.

या बाबतीत जालना जिल्ह्याला दूर जाण्याची गरज नाही. तूर, मूग, उडीद आणि हरभरा ही या मातीचीच पिके आहेत. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेले बीडीएन 711, बीडीएन 716 आणि गोदावरी हे तुरीचे वाण मराठवाड्याच्या शेतांत परिचित आहेत. नवी तूर आणि हरभरा बाजारात येतो त्या माघ-फाल्गुनात भाव बहुधा नरम असतात. ज्याची उठबस मोंढ्यात आहे त्याला घाऊक भावाने वर्षाची डाळ भरण्याची संधी नोकरदारापेक्षा अधिक आहे. कडक ऊन देणे, एरंडेल चोळणे, कडुनिंबाचा पाला घालून कोठ्या घट्ट बंद करणे या रीती आजीच्या काळापासून चालत आल्या आहेत. साठवणीत कीड होऊ न देणे हा तर अहिंसेचाच भाग आहे. एकरकमी पैसे नसतील तर दोन-तीन नातलग कुटुंबांनी मिळून एक पोते घ्यावे. किरकोळ आणि घाऊक भावातील फरक हाच त्यांचा नफा.

मर्यादेतील स्वयंपाकघर

कमी खर्चातील आरोग्याविषयी वर्तमानपत्रांत जे सल्ले छापून येतात, त्यांतील निम्मे जैन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थांबतात. गाजर, बीट, रताळे हे कंद आहेत. मोड आलेली कडधान्ये अनेक घरांत अनंतकाय म्हणून वर्ज्य आहेत. चातुर्मासात पालेभाज्या बंद होतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते. कच्च्या दह्या-ताकाबरोबर डाळीचा संयोग द्विदल म्हणून टाळला जातो. सूर्यास्तानंतर चूल बंद. यावर कोणी म्हणेल की इतक्या बंधनांत पोषण साधणार कसे? परंतु बंधनांचा नीट विचार केला तर वाट त्यांच्या आतूनच निघते.

मोड आणता येत नसतील तर मूग, मटकी, चवळी रात्री भिजवून सकाळी शिजवावी. डाळीतील प्रथिने मोडांवर अवलंबून नाहीत. भिजवलेले पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवले की पचनही सुधारते. गाजरातून मिळणारा पिवळा-नारिंगी घटक, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, तो लाल भोपळ्यात आणि पिकलेल्या पपईतही असतो, आणि भोपळा ही बाजारातील स्वस्त भाज्यांपैकी एक आहे. चातुर्मासात दोडका, दुधी, गवार, कारले, पडवळ, तोंडली, शेवग्याच्या शेंगा यांचा हंगामच असतो. हिरवी भाजी नसलेल्या तिथीला मुंगोडी, बडी, गट्टे, पितोड, पापडाची भाजी आणि कढी या राजस्थानातून आलेल्या पाककृती कामी येतात, आणि त्यांतील बहुतेक मुळात डाळीच्याच आहेत. दही आधी नीट तापवून मग त्यात बेसन मिसळले की द्विदलाचा दोषही टळतो. केर-सांगरीचा आग्रह मात्र सोडलेला बरा. वाळवंटात जी गरिबाची भाजी होती, ती सांगरी आज भावात सुकामेव्याशी स्पर्धा करते. पूर्वजांनी आपल्या भूमीत जे पिकत होते ते खाल्ले. जालन्यात त्याच बुद्धीने बाजरी, ज्वारी, तूर आणि हरभरा खावा. रब्बी ज्वारीचा भाव अलीकडे अनेकदा गव्हाच्या वर जातो, अशा वेळी बाजरी परवडते आणि हिवाळ्यात ती सोसतेही.

शेंगदाण्याबद्दलही अनेकांच्या मनात शंका असते. तो जमिनीखाली येतो हे खरे, पण तो कंद नाही, शेंगेतील बी आहे. म्हणूनच बहुसंख्य जैन घरांत तो चालतो. तिळाचेही तसेच. चुन्याच्या अंशाने समृद्ध असलेले तीळ केवळ संक्रांतीपुरते न ठेवता चटणीच्या रूपाने वर्षभर पानात असावेत.

दुकानावर बसणाऱ्या पुरुषांचा प्रश्न वेगळा आहे. ज्याला चौविहार पाळायचा आहे त्याने सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचले पाहिजे. गिऱ्हाईक असले तर तेवढ्यात कचोरीवर भागवले जाते. त्यावर फुटाणे-शेंगदाण्यांचा किंवा घरच्या सत्तूचा डबा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

सुकडीचा धडा

1972-73 च्या दुष्काळात मराठवाड्यातील कामांवर लाल मिलो ज्वारी आणि सुकडी वाटली गेली. मिलोची चव कोणालाच रुचली नाही, पण सुकडी त्या पिढीच्या लक्षात राहिली. धान्य, डाळ, शेंगदाणे आणि गोडी यांचे ते भाजलेले कोरडे मिश्रण होते. थोड्या पैशांत पुरेसे बळ देण्याची ती युक्ती होती. राष्ट्रीय पोषण संस्था 1958 मध्ये कुन्नूरहून हैदराबादला आली. त्या संस्थेने कुपोषित बालकांसाठी सुचवलेले ‘हैदराबाद मिक्स’ याच तत्त्वावर आधारलेले आहे. त्यात 40 ग्रॅम गहू, 16 ग्रॅम हरभरा डाळ, 10 ग्रॅम शेंगदाणे आणि 20 ग्रॅम गूळ असतो. सर्व भाजून दळायचे. या 86 ग्रॅम मिश्रणातून 330 कॅलरी आणि 11 ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने मिळतात. त्यात कंद नाही, मोड नाहीत. आजच्या किरकोळ भावाने खर्च साधारण साडेपाच-सहा रुपये येतो. मोठ्यांसाठी करताना गूळ निम्मा घेतला तरी चालतो, आणि पिठाची ऋतुमानानुसार पाळली जाणारी मर्यादा लक्षात घेऊन एका वेळी थोडेच दळावे.

याच्या शेजारी मुलांच्या दुधात घातल्या जाणाऱ्या चॉकलेटी पुडीचा डबा ठेवून पाहावा. एप्रिल 2024 मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले. कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कोणतीही व्याख्याच नाही. ज्याची कायद्यात व्याख्या नाही त्यावर ओढाताणीच्या घराने दरमहा चारशे रुपये खर्च करावेत, याला व्यवहार म्हणता येणार नाही.

वाचवायचे ते कोठून?

डाळ, शेंगदाणे आणि दूध वाढवायचे तर पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात आहे. वर उल्लेख केलेल्या ताटात वरून घ्यायच्या तेल-तुपाचे प्रमाण माणशी दिवसाला 27 ग्रॅम आहे. पाच माणसांच्या घरात हे महिन्याला चार किलोच्या आसपास होते, आणि यात तूपही आले. म्हणजे पंधरा किलोचा डबा साडेतीन महिने पुरला पाहिजे. तो दोन महिन्यांत संपत असेल तर जास्तीचे तेल शरीरात गेले आणि पैसा डब्याबरोबर गेला. साखरेची मर्यादा माणशी दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे पाच जणांच्या घराला महिन्याला पावणेचार किलो, आणि मिठाई, बिस्किटे व सरबते यांतील साखर याच मर्यादेत धरायची आहे.

समजा, एखाद्या घरात महिन्याला तीन किलो फरसाण 280 रुपये दराने येते. त्याचे 840 रुपये झाले. तेच 840 रुपये सरासरी 110 रुपये किलोच्या डाळींवर खर्च केले तर साडेसात किलोहून अधिक डाळ येते. पाच किलोवर अडकलेले घर एका फटक्यात बारा-तेरा किलोवर पोहोचते. एकूण खर्च एका रुपयानेही वाढत नाही. केवळ रकाना बदलतो.

जैन धर्मातील बाह्य तपांचा क्रम येथे आठवावा: अनशन, ऊणोदरी, वृत्तिसंक्षेप, रसपरित्याग. वृत्तिसंक्षेप म्हणजे पानातील पदार्थांची संख्या मर्यादित करणे. रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि कढईतील तळण या सहा विगयांपैकी काही सोडल्या जातात. आत्मशुद्धी हा या तपांचा हेतू आहे, पैशांची बचत नव्हे. तरीही तळण आणि गोडाचा त्याग ज्या घराने वर्षातील काही महिने मनापासून केला, त्या घराचा तिसरा आणि चौथा रकाना आपोआप उतरतो. दूध-दह्याच्या त्यागाबाबत मात्र एक काळजी घ्यावी. बी-12 हे जीवनसत्त्व शाकाहारात जवळजवळ केवळ दूध आणि दुधाच्या पदार्थांतूनच मिळते. घरातील वाढती मुले, गर्भवती, बाळंतीण आणि वृद्ध यांच्या वाट्याचे दूध काटकसरीत कधीच धरू नये. हातापायांना मुंग्या येणे, सतत थकवा, विसराळूपणा अशी लक्षणे दिसल्यास रक्ततपासणी करून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तप आणि उपासमार

यापुढचा विषय नाजूक आहे, पण तो टाळून हा हिशेब पूर्ण होत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांची हीच अवस्था आहे. सुखवस्तू वाटणारी घरेही याला अपवाद नाहीत.

जालना ही तपाची भूमी मानली जाते. कर्नाटक केसरी तपस्वी गुरू श्री गणेशलालजी महाराजांचे स्मृतिस्थान असलेल्या गुरू गणेश तपोधामात दूरदूरचे भाविक येतात. आयंबिलाची ओळी, एकासणे, वर्षीतप यांची परंपरा येथील घराघरांत आहे, आणि ती पुढे नेण्यात स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा आहे. या परंपरेविषयी आदर बाळगूनच एक भेद स्पष्ट सांगितला पाहिजे. ऊणोदरी म्हणजे पुढ्यात अन्न असताना भुकेपेक्षा दोन घास कमी घेणे. त्यात स्वेच्छा आहे, संकल्प आहे, पच्चक्खाण आहे. सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्यात काही उरलेच नाही म्हणून दोन घास कमी खाणे ही ऊणोदरी नव्हे. ती घराने केलेली कपात आहे. सून तपस्वी आहे अशी प्रशंसा करून ती कपात झाकली जात असेल, तर तपाचाही अपमान होतो आणि सुनेचाही. तपस्येपूर्वीचे धारणे आणि नंतरचे पारणे दोन्ही पोषक असावे, आणि ज्या स्त्रीला रक्ताची कमतरता आहे तिने वैद्यांच्या सल्ल्याने व गुरुभगवंतांना विचारून तपाचे स्वरूप ठरवावे.

उपाय महाग नाहीत. वाढताना घरातील सर्व डाळ-भाजीचे समान वाटे आधी काढून ठेवावेत. डाळीवर, उसळीवर लिंबू पिळावे, कारण क जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतील लोह अंगी लागते. आवळ्याच्या हंगामात आवळा आणि मोसंबीच्या हंगामात मोसंबी जेवणानंतर खावी. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली जालन्याची मोसंबी परगावी पाठवण्यापूर्वी घरच्या स्त्रियांच्या वाट्याला यायला हवी. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेण्याची सवय मात्र सोडावी. चहा लोहाच्या शोषणात अडथळा आणतो. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर पुरे.

साधर्मिकाचे घर

काही घरे अशी असतात जेथे रकाने बदलूनही भागत नाही. समाजात साधर्मिक भक्तीची परंपरा आहे, आणि सण-पर्वाला अशा घरी किराण्याची पेटी गुपचूप पोहोचवणारे अनेक हात आहेत. त्या पेटीत सहसा साखर, तेल, चहापत्ती, रवा आणि मिठाई असते. देणाऱ्याची भावना निर्मळ असते, पण पेटी भरण्यापूर्वी एक विचार व्हावा. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील कुटुंबाला दरमहा माणशी 5 किलो धान्य मिळते आणि जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. पात्र असलेल्या कुटुंबाने ते घेण्यात संकोच करू नये. तो कायद्याने दिलेला अधिकार आहे, दान नव्हे. धान्याची सोय तेथून होत असेल तर समाजाच्या पेटीत धान्य आणि साखर यांऐवजी डाळी, कडधान्ये, शेंगदाणे, तीळ आणि महिनाभराच्या दुधाची व्यवस्था असावी. एक मिठाईचा पुडा कमी करून दोन किलो मूगडाळ वाढवली तर खर्च तेवढाच राहील आणि त्या घरातील मुलांचे व आईचे महिनाभराचे ताट बदलेल.

चातुर्मासात स्वयंपाकघराचे नियम प्रत्येक घरात नव्याने ठरतात: कोणत्या भाज्या बंद, कोणती विगय सोडायची, किती तिथी पाळायच्या. त्याच बैठकीत आणखी तीन गोष्टी ठरवाव्यात. घर-दुकानाचा खाण्याचा खर्च एका वहीत लिहायचा, चौथ्या रकान्यातून वाचेल ते पहिल्या-दुसऱ्यात टाकायचे, आणि जेवायला शेवटी बसणाऱ्या व्यक्तीची वाटी सर्वांच्या आधी भरून ठेवायची.